कार्डावरचे पस्तीस इंच

६ जानेवारी

चि. बगळीस तिच्या बहिऱ्या आजोबांचे आशीर्वाद.

तू पोचल्याचा फोन तुझ्या आईने घेतला. मला तिने हाताचं विमान करून ते टेबलावर उतरवून दाखवलं, तेव्हा कुठे जीव भांड्यात पडला. फोनवर मला आता नुसती खरखर ऐकू येते, म्हणून ठरल्याप्रमाणे आपलं हे पत्रांचं. आईचा फोन रविवारी, माझं पत्र पोचेल तेव्हा. पाच-सात दिवस धरा, असं पोस्टाच्या खिडकीतला माणूस म्हणाला.

आज शाळेवरून गेलो. दुकान बंद करून चार वर्षं झाली तरी पाय तिकडेच वळतात. बेचाळीस वर्षं त्या भिंतीला पाठ लावून मी गणवेश शिवले आणि भिंतीपलीकडे चौथीचा वर्ग कविता म्हणत राहिला. मी स्वतः शाळा चौथीतच सोडली, पण चौथीच्या कविता बेचाळीस वेळा शिकलो. त्यात एक बोटीची होती. बोट ठिपका होते आणि किनाऱ्यावरचा माणूस हात हलवतच राहतो. पोरं ती हळू म्हणायची, मग माझं मशीनही आपोआप हळू व्हायचं. विमानतळावर मी त्या कवितेतच होतो. तुला वाटलं असेल, म्हातारा ऐकत नाहीये.

तुझ्या लांब पायांवरून मी तुला बगळी म्हणालो, तेव्हा तू आठवडाभर माझ्याशी बोलली नव्हतीस. आता त्याच पायांचे फोटो काढायला लोक तिकीट पाठवतात. मॉडेलिंग एजन्सीच्या फॉर्मवर मापं घेणाऱ्याची सही हवी होती, तेव्हा तुझी आई म्हणाली, "बाबा, तुम्हीच घ्या, बाहेरच्याचा भरवसा नाही." तुझ्या या सगळ्या प्रवासाच्या पहिल्या कागदावर माझी सही आहे, हे मी येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगतो. आई म्हणते, निदान दूधवाल्याला तरी सोडा.

खोली कशी आहे, उजेड कुठून येतो, ते लिही.

तुझे आजोबा

१४ जानेवारी

आजोबा,

उजेड मागच्या बाजूने येतो, समोरच्या इमारतीच्या काचांवर आपटून, म्हणजे सेकंडहँड. चौथा मजला, लिफ्ट नाही. दोन खोल्या, चार मुली, आरसा एक. सकाळी आरशासमोर रांग लागते. आणि गंमत म्हणजे इथे मी ठेंगणी आहे. बाकीच्या तिघी माझ्याहून उंच. तुम्ही त्यांना काय म्हणाला असता, कोण जाणे.

एजन्सीचं ऑफिस म्हणजे एक लांब टेबल आणि भिंतभर कार्डं. प्रत्येक कार्डावर एक चेहरा आणि खाली आकडे. माझंही लागलं आहे. माझं काम बघणारी बाई कमी बोलते. दर सोमवारी ती आम्हाला ओळीने उभं करून टेप लावते. आपण ज्याला सीट म्हणतो, कमरेखालचा तो सगळ्यात रुंद घेर, त्यावरच इथला सगळा कारभार चालतो. बाकीच्या मापांकडे काणाडोळा करतात.

कार्डावर पस्तीस छापलं आहे. सोमवारी माझं छत्तीस भरलं.

बाईने परत लावला. छत्तीस. ती म्हणाली, प्रवासाची सूज असेल, उतरव. ती 'उतरव' असं म्हणाली, जणू माळ्यावरची पेटी आहे.

घाई एवढ्याचसाठी, की एका मोठ्या ब्रँडने कार्ड बघून मला होल्डवर ठेवलं आहे. होल्ड म्हणजे घेतलेलं नाही, पण त्या तारखेला दुसरीकडे जायचं नाही. पाच मार्चला त्यांचा शो आहे. त्यात चालले तर पुढच्या चार शहरांत आपणहून बोलावतात. नाही चालले तर मार्चअखेर व्हिसा संपतो आणि मी तुमच्या शेजारी येऊन काजं करत बसते. त्यांचे कपडे आधीच शिवून तयार आहेत, सगळे एकाच मापाचे. इथे कपडा माणसाला बसवत नाहीत आजोबा, माणूस कपड्याला बसवतात.

एकच विचारते. पस्तीसच होतं ना? तुम्ही नीट मोजलं होतं ना? तसं असेल तर मी इथे येऊन वाढले आणि मला ते कमी करता येईल. आईला यातलं काही सांगू नका.

बगळी

२२ जानेवारी

चि. बगळीस,

तुझा प्रश्न वाचून हसू आलं आणि थोडा रागही आला. पस्तीसच होतं. दोनदा मोजलं होतं, तू श्वास सोडल्यावर आणि घेतल्यावर. बेचाळीस वर्षांत माझ्या हातचा एक गणवेश 'होत नाही' म्हणून परत आला नाही. पोरं एका उन्हाळ्यात वाढली तर तो त्यांचा दोष. तेव्हा शंका नको. हे प्रवासाचं आहे, नव्या पाण्याचं आहे, जाईल.

कपड्याला माणूस बसवतात हे वाचून मात्र दिवसभर चैन पडली नाही. आमच्या धंद्यात असं कोणी केलं असतं तर गिऱ्हाईकाने कात्री आमच्याच गळ्याला लावली असती. पण दूरदेशीचे रिवाज वेगळे. चौथीत एक झऱ्याची कविता होती. डोंगरातून निघालेला झरा दगड आला की बारीक होतो, पण थांबत नाही. पोरांना तो बारीक होण्याचा भाग आवडायचा, ती आवाज बारीक करून म्हणायची. तुला ती पाठ होती. आठव आणि धीर धर.

आईला काही बोललो नाही. ती तुझं चित्र असलेलं ते कार्ड पर्समध्ये घेऊन फिरते, कामावर सगळ्यांना दाखवते.

तुझे आजोबा

३१ जानेवारी

आजोबा,

आधी चांगलं. परवा त्या ब्रँडकडे पहिलं फिटिंग झालं. तळघरात लांब खोली, भिंतीला लावलेले पुतळे, आणि सगळ्यांवर हुकूम चालवणारी, मनगटाला टाचण्यांची गादी बांधलेली एक म्हातारी कटर. ती म्हणाली, हलू नकोस. मी चाळीस मिनिटं हलले नाही. बाकीच्या मुली पाय बदलतात, फोन बघतात, म्हातारी चिडते. तिने मला विचारलं, "कुठे शिकलीस?" मी म्हणाले, "आजोबांच्या स्टुलावर, मापं देताना." तिला भाषा कळली नाही, पण तिने मला शोमध्ये तिसऱ्या नंबरावर लावायला सांगितलं. पहिल्या पाचांत येण्यासाठी मुली वर्षं काढतात. इथे सुंदर चेहरे ढिगाने आहेत, न हलता उभी राहणारी माणसं कमी. हे मला कोणी आधी सांगितलं असतं तर विश्वास बसला नसता.

आता दुसरं. साडेपस्तीसवर येऊन अडकले आहे. गेले दहा दिवस तिथेच. माझ्या वरच्या बंकवरची मुलगी म्हणते, आता जे राहिलंय ते मांस नाही, हाड आहे. पण ते हाड कसं असेल? दोन महिन्यांपूर्वी मी पस्तीस होते, तेव्हा हाडं हीच होती. तुम्ही दोनदा मोजलं होतं. मी रोज स्वतःला तेच सांगते. ते वाक्य म्हटलं की भूक थोडी मागे सरते.

हात गार पडतात. कंगव्यात केस फार येतात. आणखी एक आहे, ते आजोबांना लिहिता येत नाही, आणि आईला सांगितलं तर ती पहिल्या विमानात बसेल. म्हणून कोणालाच नाही.

झऱ्याची कविता आठवली. शेवटचं कडवं काही केल्या आठवेना.

बगळी

९ फेब्रुवारी
(हे पत्र त्या दिवशी पाठवलं गेलं नाही.)

बगळी,

तुझं पत्र काल आलं. आज जे घडलं ते लगेच लिहितो, नाहीतर हात धजणार नाही.

तुझ्या आईने खिडक्यांना पडदे करायला सांगितले होते. खिडक्यांची मापं सुताराने लिहून दिली होती, साठ इंच लांबी. मी कापले, शिवले, टांगले. दोन्ही पडदे जमिनीवर लोळायला लागले. मी सुताराला बोलावून फैलावर घेतलं. त्याने खिशातला पोलादी टेप काढला, खिडकी मोजली, साठ. पडदा मोजला, जवळजवळ बासष्ट. मग माझा टेप हातात घेतला, ओढून बघितला आणि म्हणाला, "मास्तर, तुमच्यासारखाच हाही म्हातारा झालाय. सैल पडलाय."

तो गेल्यावर मी दार लावलं. शाळेची लाकडी फूटपट्टी काढली. टेपाशेजारी तीनदा ठेवली. तीन फूट म्हणजे छत्तीस इंच. माझ्या टेपवर तिथे पस्तीस होते.

कापडी टेप. तीस वर्षं गळ्यात लटकवून, ओढून ओढून ताणला गेला. मला कधीच कळलं नाही, कारण अंगही त्यानेच मोजायचो आणि कापडही त्यानेच कापायचो. चूक दोन्हीकडे सारखी, म्हणून प्रत्येक गणवेश बसला. माझा आकडा दुसऱ्या कोणाच्या आकड्याला भिडला तो दोनदाच. एकदा आज सुताराच्या, आणि एकदा तुझ्या त्या बाईच्या.

तू पस्तीस कधीच नव्हतीस. तू छत्तीस होतीस. वाढली नाहीस. जे कमी करते आहेस ते तुझंच आहे, मूळचं. जेव, पोरी. हे पत्र हातात पडताच

१० फेब्रुवारी

चि. बगळीस अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र मिळालं. तिसरा नंबर, हे वाचून ऊर भरून आला. स्टुलावर उभं राहायला तुला मी शिकवलं असं तू म्हणतेस, पण ते तुझ्यातच होतं. बगळा तळ्यात एका पायावर उभा राहतो त्याला कोण शिकवतं.

तू विचारलेलं कडवं मलाही नीट आठवत नाही, पण भाव असा, की झरा शेवटी मोठ्या पाण्याला मिळतो आणि मग त्याला आपला बारीकपणा आठवतसुद्धा नाही. पोरं हे कडवं मोठ्याने म्हणायची, वर्गाची काच वाजायची. दुपारच्या उन्हात भिंत तापलेली असायची, मशीनखाली पांढऱ्या कापडाचा ढीग, आणि ते शब्द. आता असं वाटतं, की माझं सगळं आयुष्य त्या एका दुपारीच होऊन गेलं.

तब्येतीला जप. थोडं थोडं खात जा. पाच मार्च काही लांब नाही. तो दिवस एकदा पार पडला की सगळं निवांत बोलू. इथे सगळं ठीक. खिडक्यांना नवे पडदे झाले आहेत.

तुझे आजोबा

१६ फेब्रुवारी

आजोबा,

शनिवारी जिन्यात पडले. तिसऱ्या मजल्यावरून उतरताना डोळ्यांपुढे अंधारी आली, पुढचं आठवत नाही. शुद्धीवर आले तेव्हा बंकवरची मुलगी माझ्या गालावर पाणी मारत होती. गुडघा फुटला आहे, पण शोच्या कपड्यात गुडघा झाकलेला आहे, म्हणून कोणी फारसं मनावर घेतलं नाही. रविवारी आईशी बोलले तेव्हा कॅमेरा बंद ठेवला. नेट मंद आहे म्हणाले.

आज सव्वापस्तीस. बाई पहिल्यांदा हसली. म्हणाली, "एवढं आलीस, आता थांबू नकोस."

तुम्ही लिहिलंत, थोडं थोडं खात जा. राग मानू नका, पण त्या ओळीने मी घाबरले. आजोबा कधी असं मोघम लिहीत नाहीत. मला वाटलं, तुम्हालाही वाटायला लागलं की मला जमणार नाही. मग मी तुमचं आधीचं पत्र काढून वाचलं, 'पस्तीसच होतं.' ते उशाशी ठेवलं आहे. तुम्ही ते लिहिलं नसतं तर मी केव्हाच सोडून दिलं असतं. खरंच सांगते. उभं राहिलं की कानात घूं होतं, बसलं की उठवत नाही. पण जे आपलं होतं तेच परत मिळवायचं आहे, नवीन काही नाही, असं म्हटलं की जमतं.

पाव इंच राहिला आहे.

बगळी

२१ फेब्रुवारी, कुरियरने

बगळी,

सोबतचं नऊ तारखेचं पत्र आधी वाच. ते अर्धं आहे, पण सगळं त्यात आहे. मग हे.

मला नऊ तारखेला कळलं. दहा तारखेला मी तुला झऱ्याबद्दल लिहिलं. असं का केलं, त्याला कारणं पुष्कळ होती आणि त्या दिवशी ती सगळी मला पटली. फॉर्मवर सही माझी, माप खोटं निघालं तर तुला परत पाठवतील. तू जवळ पोचली आहेस, थोडेच दिवस आहेत. शो होऊ दे, मग सांगू. शेवटचं कारण मात्र मी स्वतःलाही सांगितलं नव्हतं. बेचाळीस वर्षांत माझं माप चुकलं नाही, हे तू मानतेस. ते मला हवं होतं.

तुझ्या आईला आत्ता सगळं सांगितलं. तिने पर्समधून तुझं कार्ड काढलं, पालथं ठेवलं आणि फोन उचलला. तिला तू सापडेपर्यंत ती फोन ठेवणार नाही. मलाही बोलावंसं वाटतं, पण कबुली देणाऱ्याला समोरच्याचं ऐकू यायला हवं, आणि मला ते यायचं नाही.

तू छत्तीस आहेस. लगेच जेव.

आजोबा

२८ फेब्रुवारी

आजोबा,

आईचा फोन एकवीसच्या संध्याकाळीच आला. ती एवढंच म्हणत होती, "आधी जेव, मग सांगते." बंकवरच्या मुलीने सूप तापवलं. अर्धी वाटी गेली. दुसऱ्या दिवशी दोन अंडी. आता खाल्लेलं पोटात राहतं. डॉक्टरकडे जाऊन आले, आईला जे सांगायचं होतं ते सांगितलं.

तुमचं पाकीट मंगळवारी आलं. मी आधी नऊ तारखेचं पत्र वाचलं आणि मला खूप रडू आलं, बरं वाटून. मी वाढले नव्हते. मग एकवीस तारखेचं वाचलं आणि रडू थांबलं.

बारा दिवस, आजोबा. दहा तारखेला मी एक सफरचंद चौघींत वाटून खाल्लं. बारा तारखेला काकडी. चौदाला काही नाही, त्याच दिवशी पडले. वीसला स्वप्नात ब्रेडचा वास आला आणि जाग आल्यावर मी स्वतःवर चिडले. हे सगळं चालू असताना तुम्हाला माहीत होतं.

बुधवारी एजन्सीत गेले. बाईला म्हणाले, "माझं माप छत्तीस आहे. पस्तीस कधीच नव्हतं."

ती कागद चाळत म्हणाली, "पहिल्या सोमवारपासून माहीत आहे."

मी विचारलं, "मग बोलला का नाहीत?"

"सगळ्यांचीच कार्डं इंचभर खोटी असतात. घरचे लिहून पाठवतात, आम्ही छापतो, मुली खरं करून दाखवतात. तुझे आजोबा हुशार निघाले, एवढंच."

मी म्हणाले, माझे आजोबा खोटं बोलत नाहीत. आणि म्हणता म्हणता जीभ अडखळली, कारण तोवर मी तुमच्या तारखा पाहिल्या होत्या.

मी कार्ड बदलायला सांगितलं. ती म्हणाली, "छत्तीस छापलं तर पाच तारीख गेली. आणि पुढचीही काही गॅरंटी नाही. या शहरात तर नाहीच." मी म्हटलं, छापा. गुरुवारी दोन कास्टिंगना, म्हणजे मुली निवडतात तिथे, गेले. दोन्हीकडे कार्ड वाचून परत दिलं, माझ्याकडे बघितलंही नाही. काल तिसरीकडे, एक छोटा ब्रँड, कपडा अंगावरच कापतात. तीन तास उभं केलं आणि सोमवारी परत या म्हणाले. का, ते सांगितलं नाही. व्हिसा एकतीस मार्चपर्यंत आहे. तोवर छत्तीस म्हणूनच फिरणार. जमलं तर जमलं.

टेपचं मी समजू शकते. टेप सैल पडतो. दहा तारखेचं पत्र समजू शकत नाही. ते सुंदर होतं, ते मी मैत्रिणींना भाषांतर करून वाचून दाखवलं होतं.

आता एक करा. पुढच्या पत्रात कविता नको, एकही. शाळा नको, दुपार नको, माफीही नको. त्या बारा दिवसांत तुम्ही रोज काय करत होतात, तेवढंच लिहा. मग मी बघते, उत्तर देता येतं का.

बगळी

७ मार्च

बगळी,

तू सांगितलंस तेवढं लिहितो.

नऊला सुतार गेल्यावर पत्र लिहायला घेतलं. तुझी आई आली म्हणून अर्ध्यात सोडलं आणि मशीनच्या खणात ठेवलं. ती गेल्यावर पुरं करता आलं असतं. जेवलो.

दहाला दुसरं पत्र लिहिलं. दोन तास लागले. वाचून मलाच बरं वाटलं. पोस्टात टाकून येताना कोपऱ्यावर ओळखीचे भेटले, त्यांच्याशी हसलो-बोललो.

अकरा आणि बाराला पडदे उसवले आणि कमी करून शिवले.

तेराला आईने विचारलं, "बाबा, गप्प का?" दाढ दुखते म्हणालो. तिने दोन दिवस मऊ जेवण केलं. तेही जेवलो.

चौदाला, तू पडलीस त्या दिवशी, झोप लागली नाही असं लिहायला मला आवडलं असतं. लागली.

पंधराला रविवार. आई तुझ्याशी फोनवर बोलत होती. तिने मला खूण केली, काही सांगायचंय का. मी हाताने नाही म्हटलं.

सोळा ते अठरा रोज सकाळी पाच मार्चला किती दिवस राहिले ते मोजत होतो. रोज एक कमी व्हायचा, तेवढ्याने हलकं वाटायचं.

एकोणीस आणि वीसचं काहीच आठवत नाही. म्हणजे ते दिवस चांगले गेले असणार.

एकवीसला दुपारी मी जेवायला बसलो होतो. आईने तुझं पत्र ताटाशेजारी ठेवलं. मी ते उघडलं. तू जिन्यात पडलीस, तिथपर्यंत वाचलं. मग पत्र पालथं ठेवलं, ताट संपवलं, हात धुतले, पुसले, आणि उरलेलं वाचायला घेतलं.

आजोबा